विश्वास, कर्म आणि इमान : हबक्कूकच्या एका ओळीचा प्रवास



आजच्या व्याख्यानाचं जाहीर झालेलं नाव 'श्रद्धा की कर्म?' असं आहे. ते नाव मला पुरतं पटलेलं नाही, आणि ते का पटत नाही हेच आज सांगायचं आहे. ख्रिस्ती विचारात हा प्रश्न गेली पाचशे वर्षं याच शब्दांत विचारला जातो. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने की कर्मांनी? या प्रश्नावरून चर्च दुभंगलं, राज्यं एकमेकांवर उठली, माणसं देशोधडीला लागली. आणि विश्वासाच्या बाजूचा एक मोठा पुरावा म्हणून जी ओळ पुढे केली जाते, ती एका हिब्रू संदेष्ट्याची आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या संदेष्ट्याला हा प्रश्न विचारला असता तर तो बुचकळ्यात पडला असता.

आधी एक खुलासा. 'कर्म' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गीता उभी राहते, कर्मयोग आणि भक्तियोग उभे राहतात. ती तुलना आज बाजूला ठेवू या. इथे कर्म म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रातल्या, म्हणजे तोरातल्या आज्ञांचं पालन: सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम, आणि त्याबरोबरच गरिबाला न्याय, विधवेला आधार. पुनर्जन्माचा, कर्मफळाचा इथे संबंध नाही. हे ध्यानात ठेवलं नाही, तर पुढचं सगळं चुकीच्या चौकटीत बसेल.

आता हबक्कूक. तीन अध्यायांचं छोटंसं पुस्तक. काळ साधारण इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या अखेरीचा. असीरियाचं साम्राज्य कोसळलेलं, बाबेलचे खास्दी वर येत आहेत. इसवी सनपूर्व 605 मध्ये कर्कमीशच्या लढाईत त्यांनी मिसरच्या सैन्याचा पराभव केला आणि यहूदाचं छोटं राज्य त्यांच्या वाटेत आलं. या पुस्तकाचं वैशिष्ट्य असं, की इतर संदेष्टे देवाच्या वतीने लोकांना जाब विचारतात, तर हा लोकांच्या वतीने देवाला जाब विचारतो. देशात जुलूम चालला आहे, न्याय वाकडा झाला आहे, तू गप्प का? देव उत्तर देतो, मी खास्द्यांना उठवतो आहे. यावर हबक्कूक आणखीच अस्वस्थ होतो. हे औषध तर रोगापेक्षा भयंकर! आमच्याहून दुष्ट असलेल्यांकडून तू आम्हाला गिळवणार?

मग तो म्हणतो, मी आता बुरुजावर उभा राहतो आणि काय उत्तर येतं ते बघतो. उत्तर येतं ते असं: दर्शन पाट्यांवर लिहून ठेव. त्याची वेळ ठरलेली आहे. उशीर झाला तरी वाट पाहा. आणि तिथेच, दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात, ती ओळ येते. गर्विष्ठाचं मन सरळ नाही, नीतिमान मात्र त्याच्या 'एमुना'मुळे जगेल, असा तिचा आशय. नीतिमानाविषयीचा हा भाग हिब्रूत अवघ्या तीन शब्दांचा आहे. त्यातल्या मधल्या शब्दावर सगळं भांडण आहे.

एमुना म्हणजे काय? मराठी बायबल वाचणाऱ्यांना तिथे 'विश्वास' हा शब्द परिचित आहे. पण जुन्या करारात हा शब्द आणखी कुठे कुठे आणि कशासाठी येतो ते पाहू. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो.

निर्गमच्या सतराव्या अध्यायात अमालेकांशी लढाई चालली आहे. मोशेचे हात वर असतात तोवर इस्राएलची सरशी होते. मोशे थकतो. मग अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात 'एमुना' राहतात. इथे 'विश्वास' असं भाषांतर करून बघा, वाक्यच मोडतं. इथे अर्थ आहे स्थिर, न ढळणारे.

दुसरं उदाहरण हबक्कूकच्या जवळपासच्याच काळातलं. योशिया राजाच्या कारकिर्दीत मंदिराची डागडुजी निघते. सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या हाती पैसे दिले जातात आणि सांगितलं जातं, यांच्याकडून हिशेब मागू नका, ते 'एमुना'ने काम करतात. म्हणजे सचोटीने, चोख. आणि तिसरं यिर्मयाचं. तोही त्याच काळातला. तो म्हणतो, यरुशलेमचे रस्ते धुंडाळा, न्यायाने वागणारा आणि एमुनाचा शोध घेणारा एक माणूस तरी दाखवा. इथे न्यायाची कृती आणि एमुना एकाच दमात येतात.

म्हणजे बघा, हात, हिशेब आणि रस्ता. तिन्ही ठिकाणी शब्द मनातल्या एखाद्या मतासाठी आलेला नाही. माणसाच्या टिकून राहण्यासाठी, भरवशाचं असण्यासाठी आला आहे.

इथे मराठी माणसाला एक गंमत सापडते. एमुना, 'आमेन' आणि आपला 'इमान' हे तिन्ही एकाच सेमिटिक धातूचे, अ-म-न या तीन व्यंजनांचे. इमान अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अरबीत त्याचा धार्मिक अर्थ श्रद्धा असा आहे. मराठीत येता येता तो वळला. आपण 'इमाने इतबारे नोकरी केली' म्हणतो, 'खाल्ल्या मिठाला इमान राखलं' म्हणतो, 'बेइमान' म्हणतो. निवडणुकीतली 'अनामत' रक्कमसुद्धा याच धातूच्या 'अमानत'शी नातं सांगते. मराठी इमान हा वागण्यात दिसतो. त्या गवंड्यांना आपण सरळ 'इमानदार' म्हटलं असतं.

पण सावध राहा. धातू एक म्हणून अर्थ एक, असं सिद्ध होत नाही. जेम्स बार या अभ्यासकाने 1961 साली बायबलच्या शब्दार्थशास्त्रावरच्या पुस्तकात ही खोड चांगलीच सोलून काढली. एक हिब्रू धातू घ्यायचा, त्यात एक मोठी कल्पना आधीपासून दडलेली आहे असं म्हणायचं, आणि मग ती प्रत्येक वचनात वाचायची. इमानचं उदाहरण मी पुरावा म्हणून दिलेलं नाही, समजायला सोपं जावं म्हणून दिलं आहे. पुरावा त्या तीन उताऱ्यांचा आहे.

आता प्रवास सुरू होतो. हिब्रू ग्रंथांचं ग्रीक भाषांतर झालं, ज्याला सेप्टुअजिंट म्हणतात. तिथे एमुनासाठी 'पिस्तिस' हा शब्द आला. पण आणखी एक बदल झाला. हिब्रूत 'त्याच्या' एमुनामुळे असं आहे. ग्रीकमध्ये 'माझ्या', म्हणजे देवाच्या, पिस्तिसमुळे असं झालं. बहुधा कारण अगदी क्षुल्लक. हिब्रूतले वाव आणि योद ही अक्षरं हस्तलिखितात इतकी सारखी दिसतात, की एका रेघेच्या लांबीने 'त्याचा'चं 'माझा' होतं. यहूदी वाळवंटातल्या गुहेत सापडलेल्या दुसऱ्या एका ग्रीक गुंडाळीत मात्र 'त्याच्या' असंच आहे. म्हणजे पौलाच्या काळाच्या आसपास दोन्ही वाचनं हिंडत होती. टिकून कोण राहतो, माणूस की देव? प्रश्न तेव्हाच उघडा होता.

पौलाने ही ओळ दोनदा घेतली, गलतीकरांस आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत. त्याने सर्वनामच गाळलं. ना त्याच्या, ना माझ्या, नुसतं 'पिस्तिसमुळे'. आणि गलतीकरांच्या पत्रात त्याने तिच्या शेजारी लेवीय पुस्तकातलं एक वचन ठेवलं: आज्ञा पाळणारा त्यांच्यामुळे जगेल, असा त्याचा आशय. दोन्हीकडे 'जगेल' हे क्रियापद आहे. पौल म्हणतो, एक वाट विश्वासाची, दुसरी नियमशास्त्राची. विश्वास विरुद्ध कर्म ही जोडी इथे जन्मली.

या मांडणीवर माझा आक्षेप आहे, पण आधी पौलाची बाजू नीट समजून घेऊ. गलतियात प्रश्न कोणता होता? यहूदी नसलेले लोक ख्रिस्ताकडे येत आहेत. त्यांनी सुंता करावी का? म्हणजे आधी यहूदी व्हावं का? पौल म्हणतो, नाही. दरवाजा आधीच उघडा झाला आहे, त्यावर नवीन कुलूप लावू नका. हा प्रवेशाचा प्रश्न होता. माणसाने चांगलं वागावं की नाही, हा प्रश्नच नव्हता. तोच पौल रोमकरांना सांगतो, नियमशास्त्र नुसतं ऐकणारे नव्हे, आचरणारे नीतिमान ठरतील. आणि गलतीकरांनाच सांगतो, महत्त्व प्रीतीतून काम करणाऱ्या विश्वासाला आहे. पौलाला कर्मशून्य विश्वास सांगायचा होता, हे पौलाचं अर्धंच वाचन आहे.

तरीही आक्षेप उरतो. त्याने जी दोन वचनं समोरासमोर उभी केली, ती त्याच्या काळच्या इतर यहूदी वाचकांना शेजारी वाटत होती. याचे दोन पुरावे देतो.

पहिला कुमरानचा. मृत समुद्राजवळच्या गुहेत 1947 साली ज्या पहिल्या गुंडाळ्या सापडल्या, त्यात हबक्कूकवरचं एक भाष्य आहे. पौलाच्याही आधीचं. हे भाष्यकार आपल्या ओळीचा अर्थ काय लावतात? ही ओळ यहूदाच्या घराण्यात तोरा आचरणाऱ्यांविषयी आहे. त्यांच्या कष्टांमुळे आणि धार्मिकतेच्या शिक्षकावरच्या त्यांच्या एमुनामुळे देव त्यांना सोडवील. कष्ट आणि एमुना, मध्ये 'आणि'. विशेष म्हणजे पौलासारखीच इथेही एका व्यक्तीवर निष्ठा आहे. पण म्हणून आचरण बाद होत नाही.

दुसरा पुरावा तालमूदचा. मक्कोत या भागात तिसऱ्या शतकातल्या रब्बी सिमलाई यांचं प्रवचन आहे. मोशेला 613 आज्ञा मिळाल्या: 365 निषेधाच्या, वर्षाच्या दिवसांइतक्या, आणि 248 विधींच्या, शरीराच्या अवयवांइतक्या. दावीदाने त्या अकरावर आणल्या. यशयाने सहांवर. मीखाने तीनांवर. यशयाने पुन्हा दोनांवर. शेवटी एकच उरली, आणि ती कुठली? हबक्कूकची ही ओळ! पौल म्हणतो, ही ओळ आज्ञांच्या वाटेहून वेगळी वाट दाखवते. तालमूद म्हणतं, ही ओळ सगळ्या आज्ञांचं सार आहे. शब्द तेच, दिशा अगदी उलट.

अब्राहामाचंही तसंच. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या खाती धार्मिकता म्हणून धरलं गेलं. पौलाचा हा दुसरा आधारस्तंभ. क्रियापद त्याच अ-म-न धातूचं. पण 106व्या स्तोत्रात अगदी हेच शब्द फिनहासविषयी येतात, आणि त्याचं श्रेय एका कृतीला आहे, तीही रक्तरंजित कृतीला. ते वचन पौल घेत नाही. याकोबाच्या पत्रात मात्र अब्राहामाचा तोच विश्वास इसहाकाच्या अर्पणाच्या कृतीला जोडून वाचला आहे. 'केवळ विश्वास' हा शब्दप्रयोग संपूर्ण नव्या करारात एकदाच येतो, याकोबाच्या पत्रात, आणि तोही नाकारण्यासाठी.

आता पंधरा शतकं ओलांडू या. मार्टिन ल्यूथर. विटेनबर्गचा मठवासी, प्राध्यापक. कितीही उपास, कितीही पापकबुली केली तरी देव संतुष्ट झाला असेल याची त्याला खात्री वाटेना. बाहेर पापमुक्तीची पत्रं पैशाने विकली जात होती. 1517 साली तो त्याविरुद्ध उभा राहिला. 1545 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने आपल्या लॅटिन ग्रंथांच्या प्रस्तावनेत सांगितलं आहे, की रोमकरांच्या पत्रातल्या याच ओळीशी तो रात्रंदिवस झगडला, आणि अर्थ उलगडला तेव्हा नवा जन्म झाल्यासारखं वाटलं. 1522 च्या जर्मन नव्या करारात रोमकरांच्या तिसऱ्या अध्यायातल्या एका वचनात त्याने 'केवळ' हा शब्द घातला, जो ग्रीकमध्ये नाही. टीका झाली, तेव्हा 1530 साली त्याने उत्तर दिलं: जर्मन भाषेची धाटणी तो शब्द मागते आणि पौलाचा आशयही. भाषांतरकार म्हणून मला हे उत्तर अगदीच टाकाऊ वाटत नाही. भाषांतर करणारा प्रत्येक जण कुठे ना कुठे असं करतोच. प्रश्न शब्द घालण्याचा नाही. त्या शब्दाने कोणता माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, हा आहे.

ल्यूथरपुढे उभा होता एक भेदरलेला मठवासी, जो पुण्याची नाणी मोजून देवाशी सौदा करू पाहतो. हा माणूस खरा होता आणि त्याला सोडवणं हे मोठं काम होतं. हे श्रेय ल्यूथरला द्यायलाच हवं. पण क्रिस्टर स्टेंडाल या स्वीडिश विद्वानाने 1963 च्या आपल्या निबंधात दाखवलं, की पौल हा माणूस नव्हता. पौल फिलिप्पैकरांना सांगतो, नियमशास्त्राच्या दृष्टीने मी निर्दोष होतो. अपराधी मनाची ती घालमेल त्याच्याकडे नाही. ल्यूथरने आपली रात्र पौलाच्या अंगावर पांघरली.

आणि पौलाच्या विरोधकांवर काय पांघरलं? ल्यूथरच्या परंपरेतल्या वाचनात मध्ययुगीन सौदेबाज भक्ताची जागा यहूद्याने घेतली. यहूदी धर्म म्हणजे पुण्याची वही, आज्ञांचा जमाखर्च, प्रेमाशिवायचा कायदा. हे चित्र जर्मन विद्यापीठांत विसाव्या शतकापर्यंत शास्त्र म्हणून शिकवलं गेलं. माझा खरा आक्षेप इथे आहे, कारण या चित्राची किंमत जिवंत माणसांनी मोजली. 1543 साली ल्यूथरने यहूद्यांची प्रार्थनामंदिरं जाळण्याचा सल्ला देणारी पुस्तिका लिहिली. 1946 मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यात युलियस श्ट्रायखर या नाझी प्रचारकाने बचावात त्याच पुस्तिकेचं नाव घेतलं. चारशे वर्षांची सरळ रेघ मी ओढत नाही, इतिहास इतका सरळ चालत नाही. पण एका समाजाचा धर्म म्हणजे कोरडा हिशेब, हे व्यासपीठावरून पिढ्यानपिढ्या सांगितलं की त्या समाजाविषयीची तुच्छता सोपी होते, एवढं नक्की. अमेरिकेतल्या मोठ्या ल्यूथरन चर्चने 1994 साली ल्यूथरच्या त्या लेखनाचा जाहीर निषेध केला. उशिरा का होईना, केला.

ते चित्र खोटं आहे हे दाखवायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. निर्गमचा क्रम बघा. आधी मिसरातून सुटका, मग सीनाय पर्वतावरच्या आज्ञा. सुटका कमावलेली नाही, ती आधीच मिळाली आहे. आज्ञा हे तिला दिलेलं उत्तर आहे. ई. पी. सँडर्स यांनी 1977 च्या ग्रंथात यहूदी साहित्य तपासून हेच सविस्तर मांडलं. तेव्हापासून पौलाचा अभ्यास पूर्वीसारखा राहिलेला नाही.

दुसऱ्या टोकालाही एक अडचण आहे. मार्टिन बूबर हे थोर यहूदी तत्त्वज्ञ. त्यांनी 1950 साली 'विश्वासाचे दोन प्रकार' या अर्थाच्या शीर्षकाचं पुस्तक लिहिलं. एमुना म्हणजे कुणावर तरी विसंबणं, ते यहूदी. पिस्तिस म्हणजे काहीतरी खरं मानणं, ते ख्रिस्ती. मांडणी सुबक आहे, आणि म्हणूनच शंका घ्यायला हवी. ग्रीक व्यवहारात पिस्तिस म्हणजे पत, हमी, शब्दाला जागणं असेही अर्थ होते. पौल स्वतः रोमकरांच्या तिसऱ्या अध्यायात देवाच्या पिस्तिसविषयी बोलतो. देव कशावर विश्वास ठेवणार? तिथे अर्थ 'देवाचा सच्चेपणा' असाच होतो. म्हणजे भिंत दोन भाषांच्या मध्ये नाही. ती नंतरच्या वाचकांच्या डोक्यात उभी राहिली.

आता तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून एक मुद्दा. 'विश्वास की कर्म' हा प्रश्न एक गोष्ट गृहीत धरतो: विश्वास ही आतली घटना आणि कर्म ही बाहेरची घटना. आत काहीतरी घडतं, बाहेर काहीतरी केलं जातं, आणि देव या दोहोंपैकी एक मोजतो. पण काही गुण असे असतात की ते घटना नसतातच. धीर घ्या. माणूस अमुक वाजता धीर धरतो आणि पाच मिनिटांनी संपवतो, असं नसतं. धीर काळात पसरलेला असतो. तो आत आहे की बाहेर, हे विचारणं निरर्थक आहे. हबक्कूकची एमुना या जातीची आहे. मोशेच्या हातांची एमुना 'सूर्य मावळेपर्यंत' होती, हे तपशील म्हणून सोडू नका. काळ हाच तिचा पदार्थ आहे.

म्हणून 'एमुना म्हणजे निष्ठा, सबब हबक्कूक कर्माच्या बाजूचा' असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. खास्दी दारात आले आहेत. हबक्कूकच्या हातात करण्यासारखं फार थोडं आहे. पुस्तकाच्या शेवटी तो म्हणतो, अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन. ही पुण्याची कमाई नव्हे. पण हे घरात बसून डोळे मिटणंही नव्हे, कारण मधल्या अध्यायात लुटारूंवर, गहाणखतांनी माणसं पिळणाऱ्यांवर, रक्ताने शहरं बांधणाऱ्यांवर पाच शाप आहेत. अन्यायाला अन्याय म्हणत राहणं आणि उत्तर उशिरा आलं तरी बुरुज न सोडणं, हे दोन्ही मिळून एमुना.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: मग 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी जो संयुक्त जाहीरनामा केला, त्याने हा वाद मिटला का? चांगला प्रश्न. ट्रेंटच्या परिषदेने 1547 साली आणि ल्यूथरन पक्षाने एकमेकांचा जो धिक्कार केला होता, तो आज एकमेकांच्या शिकवणीला लागू होत नाही, असं त्यांनी मान्य केलं. कृपेने स्वीकार, आणि त्यातून सत्कर्मांचं बळ. साडेचारशे वर्षांनी 'विरुद्ध'च्या जागी 'मधून' आलं, ही लहान गोष्ट नाही. पण ही दोन ख्रिस्ती पक्षांमधली समेट आहे. ज्या तिसऱ्या पक्षाच्या संदेष्ट्याची ओळ घेऊन दोघे भांडले, त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत ऐकणं हे काम अजून चालू आहे. त्यासाठी कुणी आपला विश्वास सोडायची गरज नाही. पौलाचं वाचन हे पौलाचं वाचन म्हणून वाचावं, आणि हबक्कूकला हबक्कूक राहू द्यावं, एवढं पुरे.

पुढच्या वेळी यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला दुःखी सेवक. तो अध्याय आधी वाचून या, आणि शक्य झालं तर त्याच्या मागचे-पुढचेही. एकच ओळ उचलून वाचली की काय होतं, ते आज पाहिलंच आपण.